शंकेलाही दिंडीत जागा हवी

दुःखात सापडलेल्या माणसाने 'देव खरंच आहे का?' असं विचारलं की आपल्याकडे त्याला दोन उत्तरं मिळतात. देवाधर्माची माणसं म्हणतात, तुझी श्रद्धा कमी पडली. देव न मानणारे म्हणतात, आता तरी डोळे उघडले ना, मग सोडून दे सगळं. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोन्ही पक्ष एका गोष्टीवर मात्र ठाम असतात: श्रद्धा आणि शंका एका घरात नांदू शकत नाहीत. एक आली की दुसरीने निघायचं.

मला हे मुळातच चूक वाटतं. महाराष्ट्राला तर ते शोभतच नाही. ज्या संतांची नावं घेऊन आपण लोकांना श्रद्धेचे धडे देतो, त्यांनी देवाला जाब विचारले, त्याच्याशी अबोला धरला, त्याला शिव्या घातल्या. जनाबाईंनी तर अंगणात उभं राहून विठ्ठलाला शिव्या दिल्या आणि 'उभी राहूनि आंगणीं । शिव्या देत दासी जनी' अशी त्याखाली सहीही केली. मी स्वतः देव मानते. रोज सारख्याच खात्रीने मानते असं नाही. काही दिवस असे येतात की नाव घेताना ते नाव ऐकणारं कुणी आहे असं वाटतच नाही. त्या दिवसांतही मी भक्तच असते, आणि मला त्या दिवसांत बाहेर काढण्याचा अधिकार कुणालाही नाही, एवढंच मला सांगायचं आहे. हे माझ्यापुरतं असतं तर लिहायची गरज नव्हती. पण आपल्या कीर्तनांतून, सत्संगांतून, आजारी माणसाच्या खाटेशी बसून आपण जे बोलतो त्याचा हा प्रश्न आहे, म्हणून तो सार्वजनिक आहे.

देहूच्या गोष्टीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यांना माहीत आहे आणि तरी अर्धीच माहीत आहे. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांनी तुकोबांवर आक्षेप घेतला, शूद्राने धर्माचा अर्थ सांगू नये म्हणून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, तुकोबा नदीकाठी शिळेवर अन्नपाण्यावाचून धरणं धरून बसले आणि तेराव्या दिवसानंतर वह्या कोरड्या वर आल्या, अशी परंपरेची हकीकत. ती शिळा देहूत आजही आहे, तिच्यावर आता मोठं मंदिर उभं आहे. वह्या तरल्या की नाही, यावर गेली शंभर वर्षं वाद चालू आहे आणि पुढेही चालू राहील. मला त्यात पडायचं नाही. मला बोलायचं आहे ते त्या तेरा दिवसांबद्दल.

त्या दिवसांत तुकोबा काय म्हणत होते, ते गाथ्यात आहे. 'तेरा दिवस जाले निश्चक्र करितां । न पवसी अनंता मायबापा ॥ पाषाणाची खोळ घेउनि बैसलासी । काय हृषीकेशी जालें तुज ॥' तेरा दिवस उपाशी बसलोय, तू येत नाहीस. दगडाची खोळ अंगावर ओढून बसला आहेस. झालंय काय तुला? पुढे तर सरळ धमकी आहे: मी जीव देईन आणि माझी हत्या तुझ्या माथी मारीन. हे कुणा नास्तिकाचं वाक्य असतं तर त्याच्यावर आज भावना दुखावल्याची तक्रार झाली असती. देवाची मूर्ती म्हणजे दगडाची खोळ, आणि आत कुणी आहे की नाही कोण जाणे, इथपर्यंत हा माणूस गेलेला आहे.

आणि मग वह्या मिळाल्यावर ते काय म्हणतात? 'थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला । जनाचिया बोलासाठीं चित्त क्षोभविलें ॥' मी तुझा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्यापायी तुला त्रास दिला, ही लाज त्यांनी तितक्याच मोकळेपणाने मांडली. पण लाज वाटली म्हणून आधीचं भांडण पुसून टाकलं नाही. दोन्ही अभंग राहिले. चाकणच्या संताजी जगनाडेंसारख्यांनी तुकोबांचे अभंग लिहून ठेवले, पुढे पिढ्यानपिढ्या वारकऱ्यांनी ते पाठ केले, आणि त्यांतल्या कुणालाही असं वाटलं नाही की 'पाषाणाची खोळ' हे शब्द गाळले तर महाराजांची प्रतिमा जास्त स्वच्छ दिसेल. आज कुणा गुरूंची प्रवचनं छापायला घेतली आणि त्यांत असा मजकूर निघाला, तर संपादक मंडळ काय करेल याची कल्पना करून पाहा.

आपण मात्र चौदावा दिवस सांगतो आणि तेरा दिवस गिळून टाकतो. लहान मुलांना सांगतो, बाळा, बघ, देवावर विश्वास ठेवला म्हणून वह्या परत आल्या. म्हणजे विश्वास ठेवला की वस्तू परत मिळते, आणि नाही मिळाली तर विश्वासात खोट होती, हा हिशोब आपण त्या गोष्टीतून शिकवतो. तुकोबांचा हिशोब असा नव्हताच. 'नवसें कन्या पुत्र होती । तरि कां करणें लागे पती' असं विचारणारा माणूस देवाशी देवघेवीच्या बोलीने कधी बोललाच नाही.

त्यांचं आयुष्यही तसल्या बोलीत बसणारं नव्हतं. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात घरचा व्यापार बुडाला, सावकारी गेली, पत गेली. 'दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' ही ओळ वाचताना मी दर वेळी अडखळते. बायको भुकेने मेली, अन्न अन्न करत मेली, हे एका वाण्याच्या घरात, ज्याच्याकडे गाव उधारीवर धान्य न्यायचा त्याच्या घरात घडलं. पाठोपाठ मुलगाही गेला. त्यानंतर त्यांनी गावातल्या पडक्या देवळाची डागडुजी काढली, कीर्तनाला उभे राहिले. 'बरे झाले देवा निघाले दिवाळें' असंही एका अभंगात म्हणाले. पण तो एक अभंग म्हणजे सगळे तुकोबा नव्हेत. साडेचार हजारांहून अधिक अभंगांच्या त्याच गाथ्यात हेही आहे: 'माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥ गोष्टी न करी नांव न घें । गेलों दोघें खंडोनि ॥' माझ्यापुरता देव मेला. ज्याला असेल त्याला असो. त्याच्याविषयी बोलणार नाही, नाव घेणार नाही. आमचं तुटलं.

विद्वान याचे अर्थ लावतात. कुणी म्हणतं ही अद्वैताची अवस्था आहे, देव आणि भक्त हे दोन उरलेच नाहीत. असेलही. पण अर्थ लावून या ओळीतली आग विझवायची घाई मला पटत नाही. ज्याच्या घरात माणूस गेलेलं असतं, ज्याच्या हाताला रिपोर्ट आलेला असतो, त्याला ही ओळ जशी ऐकू येते तशी ती आधी ऐकू द्यावी. अद्वैत नंतर सांगता येईल.

इथे जिजाईंबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तुकोबांची ही दुसरी बायको कथाकीर्तनांत नेहमी कजाग म्हणून येते. परंपरेतली कथा अशी की तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर भजनात बसायचे, आणि ही त्यांना शोधत भाकरी घेऊन डोंगर चढायची. पायात काटा मोडला तेव्हा तिने त्या काळ्या देवाच्या नावाने बोटं मोडली, आणि काटा काढायला तोच आला. या प्रसंगाला श्रोते खळखळून हसतात. मला हसू येत नाही. तुकोबांची शंका मोठी, कारण ती अभंगात आली. जिजाईंची शंका चुलीपाशी आली, पोरांच्या पोटाकडे बघून आली, म्हणून ती कटकट ठरली. आजही असंच होतं. पुरुषाने देवाविषयी प्रश्न विचारला की तो विचारवंत, सासुरवाशिणीने विचारला की ती घराण्याचा कुळाचार मोडायला निघालेली. आणि कथेतला देव आला तो कुणाकडे, हेही पाहा. बोटं मोडणारीकडे आला.

शंकेइतकीच दुसरी गोष्ट आपण लपवतो, ती म्हणजे दुबळेपणा. 'माझे मज कळों येती अवगुण । काय करूं मन अनावर' असं तुकोबा म्हणतात, आणि त्याच अभंगात पुढे: 'वाचा वदे परी करणें कठीण । इंद्रियां अधीन झालों देवा'. तोंडाने बोलतो पण करणं जमत नाही. ज्याच्या कीर्तनाला पंचक्रोशी लोटायची तो माणूस हे म्हणतो. शेवटची विनंतीही मी सुधारून येतो अशी नाही. 'तुका म्हणे तुझा जैसा तैसा दास', जसा आहे तसा तुझाच, आता तू उदास होऊ नकोस. व्यसन सुटलेला माणूस पुन्हा बाटलीकडे वळतो, रागावर ताबा मिळवलेला बाप पुन्हा मुलावर हात उगारतो, आजारी सासूची सेवा करणारी सून मनातल्या मनात तिच्या मरणाची वाट बघते आणि त्या विचाराने घाबरते. या सगळ्यांना उभं राहायला या ओळीत जागा आहे. मुलावर हात उगारणं बरोबर ठरतं असं नव्हे. पण आधी शुद्ध हो, मग ये, अशी अट तुकोबांनी स्वतःलाही घातली नव्हती.

आता याच्या शेजारी आजचे बुवा ठेवा. त्यांना शंका येत नाही, त्यांचा पाय घसरत नाही, त्यांना देव रोज भेटतो. आणि भक्ताला त्यांची पहिली अट एकच असते: शंका घ्यायची नाही. पैसे, जमीन, बायकांची अब्रू, सगळी लूट या अटीच्या मागून आत येते. शंका घेणं पाप आहे हे एकदा मनावर ठसलं की समोरच्याने काहीही मागितलं तरी नाही म्हणायची ताकद उरत नाही. उपाय लागू पडला नाही तर बुवांचं काही चुकत नाही, भक्ताची श्रद्धा कमी पडलेली असते. या व्यवहारात तोटा नेहमी एकाच बाजूला.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्य या लुटीविरुद्ध घालवलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला आणि मग त्याच वर्षी इतकी वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता त्याच्यावर मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं त्या कायद्याने गुन्हा ठरलं. या कायद्याची भीती वारकऱ्यांतही अनेकांना वाटत होती, वारी बंद पाडतील अशी हाकाटी होती. प्रत्यक्षात वारी, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना कायद्याने हात लावलेला नाही. तसं व्हायला कारणही नव्हतं. तुकोबांच्या गाथ्याला घाबरण्यासारखं त्या कायद्यात काहीच नाही, घाबरायचं असेल तर बुवांनी घाबरावं. २०२० साली करोनात पायी वारी झाली नाही, ३० जूनला पालख्यांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या आणि लाखो वारकरी घरी बसले. आयुष्यभर न चुकलेली वारी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चुकवताना त्यांतल्या कुणाला आपली निष्ठा ढळली असं वाटलं नाही. म्हणजे ही समज आपल्याकडे आहेच. ती फक्त स्वतःच्या घरातल्या दुःखापाशी आली की कुठे जाते कुणास ठाऊक.

आमच्या नात्यातल्या एका बाईंचा मुलगा तापाने गेला. कॉलेजात होता. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, आणि त्या माणसांत कुलदैवताला जायचं राहिलं होतं का, नवस फेडायचा राहिला होता का, घराच्या दिशेत काही दोष आहे का, अशी चौकशी चालली होती. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. प्रत्येकाला फक्त कारण हवं होतं, कारण कारण सापडलं की आपल्या घरी असं होणार नाही याची खात्री मिळते. ती खात्री त्या बाईंच्या अंगावरून चालत आली. एक आत्या तर म्हणाल्या, देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा घेतो. बाई उठल्या, देवघरातली निरांजनं, समया, घंटी सगळं एका पिशवीत भरलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. त्या दिवसापासून त्यांच्या घरी दिवा लागत नाही. पण गल्लीच्या टोकाच्या विठ्ठल मंदिरात मंगळवारी बायकांचं भजन असतं, तिथे त्या काही महिन्यांनी जाऊन बसू लागल्या. टाळ घेत नाहीत. मी एकदा विचारलं, दिवा लावत नाही मग भजनाला कशाला जाता? म्हणाल्या, "त्याला विचारायला. घरी एकटीने विचारलं की वेड लागेल असं वाटतं." त्या भजनी मंडळातल्या कुणीही त्यांना आजवर दिव्याबद्दल छेडलेलं नाही. सगळ्या जणी सरकून जागा करतात आणि पुढचा अभंग घेतात. धर्म म्हणून मला जे काही हवं आहे ते त्या मंडळात आहे.

यावर एक फार मोठा आक्षेप आहे आणि तो मला टाळता येत नाही. देवाशी भांडत राहा, पण त्याला धरून राहा, हा उपदेश ज्यांच्यावर देवाच्याच नावाने अन्याय झाला त्यांना कुठल्या तोंडाने करायचा? चोखोबांना देवळाच्या आत पाऊल टाकता आलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, आणि त्यांना समाधी मिळाली ती पंढरपूरच्या देवळाच्या महाद्वारासमोर, पायरीपाशी. त्यांचा मुलगा कर्ममेळा बापाइतका सोशिक नव्हता. 'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥' तुला लाज वाटत नाही का, असं त्याने विठ्ठलाला तोंडावर विचारलं. त्याला चौदावा दिवस कधीच उगवला नाही. पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, त्यासाठी साने गुरुजींना मे महिन्याच्या उन्हाळ्यात उपोषण करावं लागलं, आणि त्यांना विरोध करणारे स्वतःला देवाचे राखणदार समजत होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचं आपलं १९४८चं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केलं. त्याच बाबासाहेबांनी संतांवर टीकाही केली होती, की त्यांनी जातीविरुद्ध मोहीम उभारली नाही. आणि १९५६ साली लाखो अनुयायांसह ते या देवापासून दूर गेले. मी यात त्यांची श्रद्धा कमी पडली असं म्हणणार आहे का? कर्ममेळ्याने विचारलेल्या प्रश्नाला सहाशे वर्षांत उत्तर मिळालं नसेल तर उठून जाणं हा प्रामाणिक माणसाचा हक्क आहे. विश्वास ही दुसऱ्याकडून वसूल करायची गोष्टच नाही. मी राहते, कारण मला राहावंसं वाटतं, आणि राहायची किंमत मला त्यांच्याइतकी कधी मोजावी लागली नाही, हेही मला माहीत आहे. पण जे गेले त्यांच्याकडे बोट दाखवून आत बसलेल्यांनी स्वतःची निष्ठा मिरवू नये. कर्ममेळ्याचा अभंग तुमच्या दिंडीत म्हटला जातो का, एवढं आधी तपासा.

बुद्धिवादी मित्र वेगळा प्रश्न विचारतात. उत्तर देत नाही अशा देवाला धरून राहायचंच कशाला? माझ्याकडे पुरावा नाही. एवढंच सांगू शकते की तक्रार करायला कुणीतरी आहे असं मानलं की जे घडलं ते चूक होतं, असं म्हणायची ताकद टिकते. मुलगा तापाने गेला तो योगायोग होता, आकडेवारीत असं घडतंच, हे खरं आहे. तरीही त्या आईला ते अन्याय म्हणून ओरडायचं असतं, आणि अन्याय म्हणायला न्याय अपेक्षित असलेला कुणीतरी समोर लागतो. बुद्धिवाद्याला हे मान्य होणार नाही. होऊ नये असंही मला वाटतं, त्याने आपल्या जागी उभं राहावं. फक्त त्या आईला 'आता सोड' म्हणायची त्यानेही घाई करू नये.

हे काही एकट्या वारकऱ्यांचं नाही. मदर तेरेसा १९९७ साली गेल्या, आणि त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिलेली खासगी पत्रं २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला कळलं की जवळपास पन्नास वर्षं त्यांना देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं. प्रार्थनेत नुसता अंधार होता. लगेच काहींनी ढोंगाचा ठपका ठेवला. मी ती पत्रं उलट वाचते. ज्या बाईला आतून काहीच आधार जाणवत नव्हता ती इतकी वर्षं रोज सकाळी उठून कोलकात्याच्या रस्त्यावर मरणारी माणसं उचलत राहिली. त्यांच्या कामाविषयी, पद्धतीविषयी मतभेद असू शकतात आणि आहेत, पण ढोंगी माणूस ढोंगाची कबुली लिहून ठेवत नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर याहून जवळचं. आईवडिलांबरोबर तीर्थं करत, पुराणं सांगत वाढलेली ही मुलगी. दुष्काळात अंगावरचं, घरातलं सगळं देवाब्राह्मणांना देऊन, उपासतापास करून आई, वडील आणि बहीण भुकेने गेली. त्या देवांवरचा रमाबाईंचा विश्वास उडाला, आणि उडाला हे त्यांनी स्वच्छ लिहिलं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथेही त्या मान खाली घालून बसल्या नाहीत. ज्या ख्रिस्ती जोगिणींनी आसरा दिला त्यांच्याशीच त्यांनी सिद्धान्तांवरून पत्रांत वाद घातला, पटेल तेवढंच मानीन असं सांगितलं. हीच प्रश्न विचारणारी बाई पुढे १८९६-९७च्या दुष्काळात बालविधवांना गोळा करून केडगावला मुक्ती सदनात घेऊन आली. भुकेने मेलेल्या आईची आठवण असल्याशिवाय हे होत नाही. बायबलमध्येही फेफरं येणाऱ्या मुलाचा बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका श्वासात दोन्ही. येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये म्हणत नाही, मुलाला बरं करतो.

मग आपण करायचं काय? मला एक साधी, ताबडतोब करता येण्यासारखी गोष्ट सुचते. पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी दशक्रियेला घाटावर प्रवचन ठेवायची पद्धत आहे. नदीकाठी मांडव, स्पीकर, पिंडांपाशी कावळ्याची वाट बघणारे घरचे लोक, आणि समोर प्रवचनकार. जन्ममृत्यूचा फेरा, नश्वर देह, प्रारब्ध, पूर्वकर्म यांवर ते तासभर बोलतात. चांगले प्रवचनकार फार चांगलं बोलतात, मी ऐकले आहेत. पण अपघातात गेलेल्या तिशीतल्या माणसाच्या बायकोसमोर पूर्वकर्माचा सिद्धान्त मांडताना आपण तिला काय सांगतो आहोत, याचा विचार फार थोडे करतात. तिच्या कानावर येतं ते एवढंच की दोष कुठेतरी तुमच्याच खात्यात होता.

त्या घाटावर 'पाषाणाची खोळ घेउनि बैसलासी' हा अभंग निरूपणाला घ्यायला काय हरकत आहे? तो तुकोबांचाच आहे, परंपरेतलाच आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. लोक खचतील, अशी भीती मला एका कीर्तनकारांनी बोलून दाखवली. लोक आधीच खचलेले असतात, महाराज. खचलेल्या माणसाला देवाचा राग येतो, आणि तो राग मनात ठेवून हात जोडताना त्याला आपण खोटे आहोत असं वाटत राहतं. तुकोबांनाही असाच राग आला होता, तेरा दिवस आला होता, आणि त्या रागासकट ते तुमचे जगद्गुरू आहेत, हे त्या मांडवात कुणीतरी स्पीकरवरून मोठ्याने सांगायला हवं. प्रारब्धाचं निरूपण वर्षश्राद्धाला करा, तेव्हा वेळ असतो.

आणि नवीन कीर्तनकार तयार करणाऱ्या आळंदीच्या शिक्षणसंस्थांनी, गावोगावच्या वारकरी फडांनी हे अभंग मुलांकडून पाठ करून घेताना त्यांचा अर्थही त्यांना भिडू द्यावा. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा 'माझे लेखीं देव मेला' म्हणतो तेव्हा त्याला लगेच अद्वैताचं स्पष्टीकरण देऊ नका. त्याला विचारा, तुला असं कधी वाटलं आहे का? तो हो म्हणाला तर त्याला ओरडू नका. पुढे कधी तरी तोच घाटावर उभा राहणार आहे.